नऊ मिलिमीटरचे चार बोल्ट

बाबा,

परवा देऊळगावहून दोन मास्तर एसटीनं सुलतानपूरला आले, माझा पत्ता विचारत विचारत. तुमच्या विमानाबद्दल त्यांना शाळेच्या अंकात लिहायचं आहे. एकानं वही उघडली, दुसऱ्यानं माझ्या पाया पडून विचारलं, "आजी, बोल्ट मिळाले नाहीत म्हणून मिस्त्रींचं विमान राहून गेलं म्हणतात. मिळाले असते तर आपल्या गावचा माणूस उडाला असता, नाही का?" मी म्हटलं, आधी चहा घ्या. चहा झाल्यावर म्हटलं, मला काही आठवत नाही. त्यांचे चेहरे पडले. पोरं गुणी होती, उन्हातून आली होती, आणि मी त्यांच्याशी खोटं बोलले, तेही तुमच्यासाठी. ते गेल्यापासून माझं डोकं फिरलं आहे. बोल्ट मिळाले नाहीत! मिळाले होते, बाबा. कुठून मिळाले ते तुम्हाला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे, तिसरं माणूस होतं तेही आता नाही. तुम्हाला जाऊन पन्नास वर्षं होत आली. आता तरी कुणीतरी हे सरळ लिहून ठेवायला हवं, म्हणून नातवाच्या वहीतले कागद फाडून बसले आहे.

आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. त्यानंतर आपल्या घरात स्वयंपाकघर आणि कारखाना वेगळे राहिलेच नाहीत. जिनात तुम्ही मिस्त्री, दिवसभर सरकी काढणाऱ्या यंत्रांपाशी, आणि घरी आल्यावर चुलीपाशी गोणपाट अंथरून काहीतरी उघडून बसलेले, कारण घरातला सगळ्यात चांगला उजेड तिथल्या खिडकीतून यायचा. मी भाकरी थापायचे आणि मधूनमधून हात पुसून तुम्हाला पाना द्यायचे. कोणता पाना हे तुम्ही सांगत नसा, नुसता हात पुढे करत असा, आणि मी बरोबर तोच ठेवला की तुमचा हात लगेच मागे जायचा. शाबासकी म्हणजे तेवढंच. एकदा एक बोल्ट आत जाईना म्हणून मी पान्याला लोंबकळले, तर तुम्ही असे ओरडलात की शेजारची काकू धावत आली. "भाकर जळू दे, घर जळू दे, पन आट्यावर जोर करू नको! आटे मोडले त मानूस मरते." बोल्टावरची ती कोरलेली गोल गोल चढण, तिला आटे म्हणतात, हे मला 'अ आ ई' बरोबरच कळलं असेल. ते वाक्य मी जन्मभर लक्षात ठेवलं. तुम्ही मात्र विसरलात.

इंजिन आलं तेव्हा मी पंधरा वर्षांची. जिनाच्या मालकाचा मुंबईचा अडत्या कुठल्याशा पडलेल्या विमानाचं जर्मन इंजिन भंगारात विकून राहिला होता. तुम्ही ते बैलगाडीतून कडब्याच्या पेंढ्यांत गुंडाळून आणलंत. दोन बाजूंना दोन सिलिंडर, हात पसरून उभ्या राहिलेल्या माणसासारखं. एका सिलिंडरला बसवायचे चारही बोल्ट गायब. तुम्ही भोकाचं माप घेतलंत, पुन्हा घेतलंत, मग मला म्हणालात, "अडीच सुती ढिला बसते, तीन सुती जात नाई. हे इंचाचं कामच नव्हे. हा नऊ मिलिमीटरचा हाय." तेव्हा आपल्याकडे बोल्ट म्हणजे इंचाचा, आणि इंचाचे आठ भाग म्हणजे आठ सूत. जिन इंग्रजी, रेल्वे इंग्रजी, शेतातली मोटही इंग्रजी लोखंडाची. मिलिमीटरचा बोल्ट मागितला की दुकानदार वर बघायचा. त्यातून आठाचा नाही, दहाचा नाही, मधलाच नऊचा. जर्मनांनीही तो फारसा केला नसावा.

तुम्ही खामगावला गेलात, अकोल्याला गेलात. जालन्याला तर किती वेळा गेलात, जालना तेव्हा मोगलाईत, निजामाकडे, वाटेत नाक्यावर सामान उघडून दाखवावं लागे, आणि परत येताना पिशवीत लोखंड पाहून नाक्यावरचा कारकून विचारायचा, "मिस्त्री, बंदूक बनवता काय?" तुम्ही म्हणायचात, विमान. तो हसून सोडून द्यायचा. मुंबईला पत्रं घातलीत. उत्तरं यायची, बहुतेक वेळा यायचीही नाहीत. जिनातल्या लेथवर कातून का घेत नाही, असं मी विचारलं होतं. तुम्ही समजावून सांगितलंत की तो लेथ फक्त इंचाचे आटे पाडतो, आणि आटे पाडता आले तरी बाजारातलं लोखंड त्या जागी टिकणार नाही, तिथे पोलादच पाहिजे. किती नीट समजावून सांगायचात तुम्ही! म्हणून तर मला तुमचं अज्ञान पुढे करून तुम्हाला माफ करता येत नाही. तुम्हाला सगळं कळत होतं.

मग माझं लग्न ठरलं. सुलतानपूरचा मुलगा, घरची थोडी जमीन आणि पिठाची चक्की, इंजिनावर चालणारी. पाहायला आले तेव्हा तुम्ही मुलाला काय विचारलंत ते मी दाराआडून ऐकलं. शेत किती, भाऊ किती, काही नाही. "इंजिन कोनतं हाय तुमचं?" ते म्हणाले, "जर्मन हाय मामा. वडिलांनी आनलं होतं." तुम्ही लगेच होकार दिलात. त्या दिवशी मला किती आनंद झाला होता सांगू? वाटलं, बाबांनी माझ्यासाठी यंत्र कळणारा माणूस शोधला, म्हणजे मला तिकडे परकं वाटणार नाही. आज मी सत्तरी ओलांडली तरी मला हे ठरवता येत नाही की त्या दिवशी तुम्ही मुलीचं बघत होतात की बोल्टांचं. तुमच्यावरचा अर्धा राग या एकाच गोष्टीचा आहे, की हे मला विचारावं लागतं आणि विचारायला तुम्ही नाही.

लग्नानंतर दोन वर्षं तुम्ही फिरकला नाहीत. दिवाळीला न्यायला कुणी आलं नाही, पंचमीला नाही. सासू तोंडावर काही बोलायची नाही, पण शेजारणींना सांगायची, "हिच्या बापाले विमानातून याचं असन." सगळ्या हसायच्या, मीही हसायचे. मग त्या वैशाखात, जिन बंद झाल्यावर, तुम्ही दुपारच्या आधीच्या सर्व्हिस मोटारीतून उतरलात. मी विहिरीवरून येत होते, तुम्हाला पाहिलं आणि डोक्यावरची घागर तशीच ओट्यावर आदळली. तुम्ही हिरव्या काठाचं लुगडं आणलं होतं आणि बांगड्या, त्याही माझ्या मापाच्या. मी पुरण घातलं, आंब्याचा रस काढला. तुम्ही चार पोळ्या खाल्ल्या आणि म्हणालात, "तुह्या आईच्या हातचं खाल्ल्यावानी झालं." आई गेल्यापासून तुम्ही आईचं नाव काढलं नव्हतं. मी भांडी घासताना रडत होते, आनंदानं.

जेवणानंतर सासू लवंडली. माझे मालक शेतात गेले होते. उन्हामुळे चक्की बंद. तुम्ही म्हणालात, "मी जरा तुमचं इंजिन पाहून येतो." आणि मी, बाबा, मी स्वतः खुंटीवरची किल्ली काढून तुमच्या हातात दिली. मला केवढा अभिमान होता, की माझे वडील आमचं इंजिन बघणार. तासाभरानं तुम्ही आलात, हात काळे. मी पाणी ओतलं, तुम्ही हात धुतलेत. तेवढ्यात मालक शेतातून आले, त्यांनी तुमचे हात पाहिले. त्यांना वाटलं मामांनी न सांगता इंजिनाची साफसफाई केली. ते खाली वाकले, तुमच्या पाया पडले. तुम्ही पाया पडू दिलंत. चारच्या मोटारीला मी तुम्हाला सोडायला आले, पिशवी माझ्याकडे द्या म्हटलं तर दिली नाहीत. मी रडू लागले तेव्हा म्हणालात, "रडू नको पोरी. लवकरच येतो."

आमच्या इंजिनाला वेग आवरून धरणारा एक गव्हर्नर होता. तो फिरता फिरता इंजिनाला सांगतो, एवढं पुरे, याहून जोरात नको. त्याची बैठक ज्या चार बोल्टांवर होती ते नऊ मिलिमीटरचे, ते तुम्ही काढून नेलेत. त्यांच्या जागी अडीच सुती बोल्ट घातलेत, ढिले बसतात म्हणून त्यांना कापसाचा दोरा गुंडाळून, वरून सफेदा, फटी बुजवायचा तो पांढरा लेप, चोपडून. तुमच्या जिनात असा बोल्ट कुणी लावला असता तर तुम्ही त्याला त्याच दिवशी फाटकाबाहेर काढलं असतं. माझ्या घरात चालला.

सहा दिवस चालला. सातव्या दिवशी बाजाराचं दळण होतं, चक्कीवर गर्दी. मी घरात होते. इंजिनाचा आवाज चढू लागला. आधी मला वाटलं भास आहे, मग तो इतका चढला की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. मी धावले. बैठक सुटली होती, इंजिन सुसाट पळत होतं, आणि मालक ते बंद करायला वाकले तेवढ्यात पट्टा तुटला आणि उजव्या हातावर येऊन बसला. कोपराखाली दोन ठिकाणी हाड मोडलं. बायका किंचाळत होत्या, पिठाच्या धुरळ्यात काही दिसत नव्हतं, आणि ते मला सांगत होते, "तेल बंद कर, तेल बंद कर." मी तेलाची चावी फिरवली. तेव्हा कुठे ते थांबलं.

दुसऱ्या दिवशी मी चक्की झाडायला गेले. पिठात तीन बोल्ट सापडले. दोऱ्याचे वेढे तसेच होते, आणि प्रत्येक बोल्टाच्या डोक्याचा एक कोपरा कानशीनं घासलेला. जिनातले बोल्ट चोरीला जाऊ नयेत म्हणून तुम्ही ही खूण करायचात. लहानपणी अशा शेकडो डोक्यांचे कोपरे मीच घासले होते. मी तिथेच पिठात बसले. कितीतरी वेळ बसले. मग घरी येऊन ते तिन्ही बोल्ट मालकांच्या खाटेवर ठेवले. त्यांनी पाहिलं. ते माणूस असं होतं की रागावले तरी आवाज खाली जायचा. म्हणाले, "म्या त त्याईच्या पाया पडलो होतो." एवढंच. पुढे मरेपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही. त्यांच्या आईलाही सांगू दिलं नाही. "इंजिन जुनं झालं होतं," असं सगळ्यांना सांगितलं. माझं माहेर त्यांनी झाकलं, आणि तुम्ही उघडं टाकलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी एकटी मोटारीत बसून देऊळगावला आले. सासूला सांगितलं, वडील आजारी आहेत. जिनाच्या मागे टिनाच्या शेडमध्ये तुम्ही होतात, आणि ते होतं. खोटं कशाला बोलू, ते सुंदर होतं. पंखांवर ताणून बसवलेलं कापड, त्यावर रोगण चढवलेलं, टिनाच्या फटीतून ऊन त्यावर पडलं होतं. इंजिन पुढे बसवलेलं. मला पाहून तुमचा चेहरा असा उजळला की मी क्षणभर कशाला आले तेच विसरले. "आली तू? बरं झालं वं! उद्या चालू करून राह्यलो. धर, हा पाना धर." तुम्हाला वाटलं मी विमान बघायला आले.

मी म्हटलं, "बाबा, त्यांचा हात मोडला."

"कोनाचा?"

"तुमच्या जावयाचा. गव्हर्नर सुटला."

तुम्ही पुढे केलेला पाना मागे घेतलात. मग विचारलंत, "कोनता हात?"

"उजवा."

"जुळते. हाड जुळते पोरी. जवान मानूस हाय." आणि मग, माझ्याकडे न बघता, इंजिनाकडे बघत, "अख्ख्या हिंदुस्थानात नाईत हे बोल्ट. म्या पत्र घालून घालून थकलो. पंधरा दिवस दे मले. एकदा वर जाऊ दे, मंग तुह्याच हातानं काढून घे."

मला वाटलं होतं तुम्ही खाली बसाल, कपाळाला हात लावाल. तुम्ही घासाघीस करत होतात. मी तुमच्या हातातला पाना घेतला. तुम्ही मला अडवायला हवं होतं, हात धरायला हवा होता, शिवी द्यायला हवी होती. तुम्ही नुसते उभे राहिलात. पहिला बोल्ट घट्ट होता, मी जोर लावला, तर तुम्ही मागून म्हणालात, "सरळ धर. तिरपा जोर देऊ नको, आटे जातीन." आणि मी पाना सरळ धरला! अजून मला त्याचा संताप येतो. हात मोडून घरी पडलेला माझा नवरा, आणि मी तिथे तुमचं ऐकून नीट, हळूच, आटे सांभाळत बोल्ट काढत होते, आणि तुम्ही जवळ येऊन तेलाचा थेंब सोडत होतात. चौथा निघाला तेव्हा सिलिंडर थोडा हलला. तुम्ही त्याला हातानं आधार दिलात, जसं पोरगं पडू नये म्हणून देतात. मी बोल्ट पदरात बांधले. जाताना तुम्ही म्हणालात, "तुले समजलं नाई, बाई. दुसऱ्या कोनाले नसतं समजलं त चाललं असतं." त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. पाच वर्षं. पावसाळ्यात तापानं गेलात, मला तिसऱ्या दिवशी कळलं. शेड तोवर रिकामी झाली होती. जिनाच्या मालकानं इंजिन भंगारात दिलं, पंखांचं कापड कुणी काढून नेलं ते कुणालाच सांगता आलं नाही.

मला समजलं नाही म्हणालात. मला सगळं समजलं होतं. ते विमान एकदा तरी वर जावं असं आपल्या अख्ख्या गावात तुमच्याखालोखाल कुणाला वाटत असेल तर मलाच. तुम्ही माझ्या दारात येऊन म्हणाला असतात, पोरी, तुझ्या इंजिनाचे चार बोल्ट पंधरा दिवस दे, तर मी मालकांना विचारलं असतं, आणि त्यांनी चक्की बंद ठेवून दिले असते. तसाच माणूस होता तो. तुम्ही मागितले नाहीत. लुगडं आणलंत, आईचं नाव घेतलंत, चार पोळ्या खाल्ल्या. मागायला तुम्हाला लाज वाटली, आणि चोरायला नाही वाटली. मास्तरांनी माझ्याकडून हे लिहून न्यायला हवं होतं. पण उद्या शाळेतली पोरं ते वाचतील, आणि तुमच्यावर हसतील, आणि मला तेही सहन होणार नाही. म्हणून हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. धान्याच्या कोठीत टाकीन, मुंग्या खातील.

आता एकच राहिलं, ते लिहून टाकते. मालकांचा हात जुळला पण वाकडा जुळला. इंजिनाचं हँडल फिरवणं त्यांना जमेना. परत आणलेले बोल्ट मी बसवले, आटे सांभाळून, आणि मग हँडलही मीच फिरवू लागले. सासूनं आठ दिवस अबोला धरला, गावातल्या माणसांनी बाईच्या चक्कीवर दळण नको म्हणून पाहिलं, मग सगळे येऊ लागले. बावीस वर्षं मी ते इंजिन चालवलं. पहाटे पहिला ठोका पडला, चाक आपलं आपण फिरू लागलं, की मला जे वाटायचं ते मला लग्नात वाटलं नव्हतं, पोरं झाली तेव्हाही नाही. मालक वजनकाट्यापाशी बसायचे, हात मांडीवर ठेवून. थंडीत तो हात फार दुखायचा. मी रोज तेल लावून चोळून द्यायचे, आणि देवापुढे म्हणायचे, यांचा हात पहिल्यासारखा होऊ दे. म्हणायचे, पण बाबा, फार मनापासून म्हणत नसे.